दाराचे आतले ट्रिम पॅनेल स्वतः काढणे आणि पुन्हा बसवणे: खडखड, ओला गालिचा आणि तुटक्या क्लिपा

प्रश्न: संथ_चालक

नमस्कार. माझ्या गाडीत चालकाशेजारच्या पुढच्या दाराविषयी दोन तक्रारी आहेत आणि त्या दोन्हींचे मूळ एकच असावे अशी शंका आहे. काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजात त्या दारातला स्पीकर बदलून घेतला. तेव्हापासून खडबडीत रस्त्यावर दाराच्या खालच्या भागातून बारीक खडखड ऐकू येते. पॅनेलवर तळहात दाबून धरला की ती थांबते. दुसरी तक्रार अधिक त्रासदायक आहे. जोराचा पाऊस झाला किंवा गाडी धुतली, की दाराच्या उंबऱ्यालगतचा गालिचा ओला होतो आणि दोन दिवस तसाच राहतो.

आता आतले पॅनेल स्वतःच काढून पाहावे असे ठरवले आहे. काच विजेवर चालते, सेंट्रल लॉक आहे आणि आरशामागच्या तिकोनी तुकड्यात छोटा स्पीकर आहे. आतल्या हँडलच्या खोबणीत एक गोल झाकण दिसते. त्याखाली स्क्रू असावा. एकूण स्क्रू किती आणि कोठे असतात हे ओळखायचे कसे, क्लिपा न मोडता पॅनेल सुटते का, एअरबॅगच्या दृष्टीने काही धोका आहे का, आणि मुख्य म्हणजे पाणी आत येण्याचा या पॅनेलशी नेमका काय संबंध, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

उत्तर: दहाचा_पाना

पाण्याविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी पॅनेल सोडवण्यापुरते लिहितो.

बहुतेक गाड्यांत हे पॅनेल तीन प्रकारांनी धरलेले असते. हात लावून दार ओढायच्या मुठीत आणि आतल्या हँडलच्या मागे स्क्रू असतात, कारण दार ओढण्याचा सगळा जोर तेथेच येतो. दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपा पत्र्यातल्या छिद्रांत ठोकून बसवलेल्या असतात. वरची कड मात्र काचेच्या फटीलगत पत्र्यावर नुसती अडकवलेली असते. ही मांडणी एकदा लक्षात आली की कामाचा क्रम आपोआप ठरतो: आधी सर्व स्क्रू, मग खालच्या आणि बाजूच्या क्लिपा, आणि सर्वांत शेवटी संपूर्ण पॅनेल सरळ वर उचलणे.

पॅनेल मोडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे राहून गेलेला एखादा स्क्रू. त्यामुळे ओढायला हात घालण्यापूर्वी शोधात वेळ घालवावा. हँडलच्या खोबणीतले गोल झाकण आपल्याला दिसले आहेच. त्याशिवाय ओढायच्या मुठीच्या तळाशी रबरी गादी असेल तर ती उचलून पाहावी, काचेच्या बटणांची पट्टी काढल्यावर तिच्या खाली पाहावे, दाराच्या कडेवरचा लाल परावर्तक किंवा पाय ठेवण्याच्या जागी उजेड पाडणारा दिवा असेल तर तो काढून पाहावे, आणि पॅनेलच्या पुढच्या व मागच्या कडेवर, दार उघडे असतानाच दिसेल अशा जागी, एखादा स्क्रू किंवा मधोमध खिळा असलेली क्लिप आहे का तेही पाहावे. काही गाड्यांत स्पीकरच्या जाळीमागेही स्क्रू असतो. आपल्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका मिळाली तर हा सारा शोध वाचतो.

झाकणे काढायला बारीक टोकाचे प्लॅस्टिकचे अवजार वापरावे. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरच वापरणे भाग असेल तर त्याच्या टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत, नाहीतर झाकणाच्या कडेला पडलेला चरा रोज डोळ्यांपुढे राहतो. स्क्रू काढताना लांबीकडे लक्ष द्यावे. मुठीतले स्क्रू सहसा लांब असतात आणि कडेचे आखूड, आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला गेला तर त्याचे टोक आतल्या वायरिंगपर्यंत किंवा काचेच्या वाटेपर्यंत पोहोचू शकते. जाड कागदावर दाराची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवला की पुढे विचार करावा लागत नाही.

आरशामागचा तिकोनी तुकडा बहुधा पॅनेलच्या आधी काढावा लागतो. तो वरच्या टोकाकडून दाराच्या आतल्या बाजूला अलगद ओढल्यावर सुटतो. त्यात आपला छोटा स्पीकर असल्याने मागची वायर लक्षात ठेवून ओढावे.

आता क्लिपांविषयी. अवजार पॅनेल आणि पत्रा यांच्या फटीत खालच्या कोपऱ्यातून घालावे आणि पहिली क्लिप सापडेपर्यंत कडेने सरकवावे. क्लिप सापडली की दोन दातांचे अवजार तिच्या दोन्ही बाजूंनी घालून अगदी तिच्या गळ्याशीच जोर लावावा, आणि तोही पत्र्याशी काटकोनात, म्हणजे सरळ आपल्याकडे. क्लिपेपासून वीतभर दूर धरून पॅनेल ओढले तर क्लिप सुटत नाही, पॅनेल वाकते, आणि क्लिप धरून ठेवणारा मागचा प्लॅस्टिकचा कप्पा मुळापासून निघतो. क्लिप मोडली तर नवी मिळते, कप्पा मोडला तर मात्र बाजारात मिळत नाही. म्हणून क्लिपेची काळजी कमी आणि कप्प्याची जास्त करावी. अवजार टेकते तेथे पत्र्याच्या रंगावर मास्किंग टेप लावून घ्यावी. थंड हवेत प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात उभी करून हे काम केले तर बरे.

सर्व क्लिपा सुटल्या की पॅनेल वरच्या कडेवर लटकलेले राहते. दोन्ही बाजूंनी धरून, किंचित हलवत, ते सरळ वर उचलावे. या क्षणी घाई नको, कारण मागे केबल आणि वायरी जोडलेल्या असतात आणि त्या जेमतेम वीतभर लांब असतात. शेजारी कोणी धरायला असेल तर उत्तम. नसेल तर पॅनेल टेकवायला उंच डबा आधीच आणून ठेवावा. हँडलची केबल सोडवताना प्रथम तिचे बाहेरचे आवरण खाचेतून काढावे आणि मग आतल्या तारेचे टोक हँडलमधून फिरवून बाहेर घ्यावे. काही गाड्यांत हँडल दाराच्या पत्र्यावरच राहते आणि पॅनेल त्याच्यावरून निघते. तसे असेल तर केबलला हात लावण्याची गरज नाही.

हाताने फिरवायच्या काचेची गाडी असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: फिरवायच्या हँडलमागे घोड्याच्या नालाच्या आकाराची स्प्रिंग असते. हँडल आणि गोल चकती यांच्यामध्ये फडक्याची पट्टी घालून ती दोन्ही हातांनी आळीपाळीने इकडून तिकडे ओढली की स्प्रिंग बाहेर उडते. उडते म्हणजे खरोखरच उडते. दुसरा हात वर धरावा. काच पूर्ण बंद असताना हँडल कोणत्या दिशेला होते तेही आधी पाहून ठेवावे.

उत्तर: कपलर_आणि_फ्यूज

विजेची बाजू मी सांगतो.

बहुतेक गाड्यांत बाजूची एअरबॅग आसनाच्या पाठीत किंवा छताच्या कडेला असते, दारात नसते. परंतु काही गाड्यांत, विशेषतः ज्यांचे छप्पर उघडता येते अशांपैकी काहींत, ती दारातही असते. दारावर किंवा पॅनेलवर एअरबॅगची खूण असेल, किंवा पिवळ्या रंगाचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, दिसला, तर पुस्तिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एअरबॅग नसली तरी दुसरी एक गोष्ट दारात असू शकते. धडक बसल्यावर दाराचा बाहेरचा पत्रा आत दबतो आणि दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब क्षणार्धात वाढतो. हा दाब ओळखणारा सेन्सर अनेक गाड्यांच्या दारात बसवलेला असतो. तो अंदाज करतो तो पोकळी बंदिस्त आहे असे धरून. म्हणून अशा गाडीत आतल्या पत्र्यावरची छिद्रे उघडी ठेवणे किंवा स्पीकरसाठी नवी छिद्रे पाडणे हा केवळ आवाजाचा प्रश्न राहत नाही.

माझी पद्धत अशी की काच पूर्ण वर करून घ्यावी, गाडी बंद करावी, किल्ली लांब ठेवावी आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. त्यानंतर पुस्तिकेत सांगितला असेल तितका वेळ थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज लगेच उतरत नाही. पॅनेलच्या वायरी सुटलेल्या असताना गाडी चालू करू नये. सेन्सरचा कपलर सुटा असताना किल्ली फिरवली तर दोषाची नोंद होते, धोक्याचा दिवा लागतो, आणि कपलर परत जोडल्यावरही तो विझवायला कधीकधी दोषांच्या नोंदी वाचून पुसणारा स्कॅनर लावावा लागतो.

कपलर सोडवताना वायरीला धरून कधीही ओढू नये. प्रत्येक कपलरवर दाबायची एक जीभ असते. ती दाबून कपलरच्या अंगालाच धरून ओढावे. धुळीने जीभ अडकली असेल तर कपलर आधी थोडा आत ढकलून मग जीभ दाबावी, ती सहज दबते. काढण्यापूर्वी मोबाइलने एक छायाचित्र काढावे, कारण वायर कोणत्या खिट्टीतून आणि कशाच्या मागून गेली आहे हे बसवताना हमखास आठवत नाही.

उत्तर: दहाचा_पाना

बॅटरीविषयी थोडा मतभेद नोंदवतो. ज्या दारात एअरबॅग किंवा सेन्सर नाही, अशा साध्या गाडीत गाडी बंद करून किल्ली लांब ठेवली तरी काम भागते. बॅटरी सोडवली की घड्याळ, रेडिओ आणि काचेची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा लावत बसावे लागते. मात्र दारात काय आहे याची खात्री नसेल तर वरील सल्लाच पाळावा.

उत्तर: ओलाव्याचा_माग

मूळ प्रश्न पाण्याचा आहे आणि त्याचे उत्तर पॅनेलच्या मागे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दाराच्या आत पाणी जाणे हा दोष नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूला जे रबरी बीडिंग असते ते काच पुसते, पण पाणी पूर्ण अडवत नाही. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाशी असलेल्या छिद्रांतून खाली गळून जाते. दार तसेच घडवलेले असते. परंतु आतल्या पत्र्याला मोटर, लॅच (बंद दार अडकवून धरणारा खटका) आणि स्पीकर बसवण्यासाठी मोठमोठी भगदाडे ठेवलेली असतात, आणि पाणी त्यांतून केबिनमध्ये येऊ नये म्हणून त्या पत्र्यावर पॉलिथिनचा किंवा फोमचा एक पडदा काळ्या, चिकट ब्युटाइलच्या पट्टीने चिकटवलेला असतो. ट्रिम पॅनेल पाणी अडवत नाही, हा पडदा अडवतो. पॅनेल नुसते त्याला झाकते, आणि म्हणूनच पडद्याची हेळसांड झालेली बाहेरून कधी दिसत नाही.

स्पीकर बदलल्यावर पाणी येऊ लागले असेल तर दोनच जागा प्रथम पाहाव्यात. पहिली म्हणजे पडद्याची खालची कड. अनेक दारांत ही कड पत्र्यातल्या लांबट खाचेतून आत, म्हणजे पोकळीकडे, खोचलेली असते, म्हणजे पडद्यावरून ओघळणारे पाणी दाराच्या आत पडावे. काम करणाऱ्याने ती कड आत खोचण्याऐवजी बाहेर लोंबती सोडली तर तोच पडदा पन्हाळीसारखा वागतो आणि सगळे पाणी पॅनेलच्या मागून थेट उंबऱ्यावर आणतो. दुसरी जागा म्हणजे स्पीकरची कडी. मूळ स्पीकरला पत्र्याशी टेकणारी फोमची गादी असते, आणि काहींच्या मागे वरून पडणारे पाणी वळवणारी छोटी छत्रीही असते. नवा स्पीकर वेगळ्या मापाचा असल्याने मध्ये प्लॅस्टिकची किंवा लाकडी कडी बसवतात आणि गादी विसरतात. मग पत्र्यावरून उतरणारे पाणी त्या फटीतून बाहेर येते.

दाराचे पॅनेल काढण्यापूर्वी पाणी दारातूनच येते आहे याची खात्री करावी. पायाखालचा गालिचा वातानुकूलन यंत्राचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबल्यानेही ओला होतो, पण तेव्हा ओल डॅशबोर्डच्या खालून सुरू होते आणि कोरड्या हवेतही दिसते. आपण सांगितलेली ओल उंबऱ्यालगत आणि फक्त पावसानंतर आहे, तेव्हा संशय दारावरच अधिक जातो. दाराच्या तळाची छिद्रे तुंबली असतील तरीही पाणी आत साठते. दार हलवल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर ती छिद्रे आधी मोकळी करावीत.

पडदा काढावाच लागला तर तो ओढून फाडू नये. ब्युटाइल थंड असताना कडक असते, आणि फार तापले तर त्याच्या तारा निघतात. हेअर ड्रायरने कोमट करून, एका कोपऱ्यापासून पडदा हळूहळू मागे वळवत, ब्युटाइल शक्यतो पत्र्यावरच राहील अशा रीतीने सोडवावा. जेथे अडेल तेथे पातीने ब्युटाइलच्या मधूनच कापावे, पडद्याच्या कडेने नाही. चिकट बाजूला धूळ किंवा कापडाचे तंतू लागले की ती पुन्हा धरत नाही.

संथ_चालक

सर्वांचे मनापासून आभार. आज पॅनेल काढले. माझ्या दारात एअरबॅग नाही. दाबाचा सेन्सर मात्र आहे, त्यामुळे बॅटरी सोडवूनच काम केले. स्क्रू एकूण चार निघाले आणि त्यांतला एक काचेच्या बटणांच्या पट्टीखाली होता, जो सांगितला नसता तर मला सापडला नसता.

आत जे दिसले ते असे. पडदा वरच्या अर्ध्या भागात व्यवस्थित चिकटलेला आहे, परंतु स्पीकरच्या खाली ब्युटाइल धुळीने माखलेले असून पडद्याची कड बाहेरच्या बाजूला दुमडलेली आहे. तिच्या घडीत वाळलेल्या चिखलाची रेघ स्पष्ट दिसते. स्पीकरच्या कडीखाली गादी नाही. खालच्या मागच्या कोपऱ्यातले क्लिपांचे दोन कप्पे आधीच तुटलेले आहेत, एक क्लिप पत्र्यातच अडकून राहिली आहे, आणि वायरिंगची एक जुडी आपल्या खिट्टीतून निसटून पत्र्यावर आपटत असावी, कारण तेथला रंग घासून चकाकतो आहे. तेव्हा खडखड कोठून येत होती हेही कळले.

आता प्रश्न असे: तुटलेले कप्पे कसे जोडावेत, नवे ब्युटाइल न मिळाल्यास सिलिकॉन चालेल का, आणि पॅनेल बसवताना क्रम कोणता ठेवावा?

उत्तर: ओलाव्याचा_माग

सिलिकॉन टाळावे. साधे, व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि त्याने उघडा पत्रा व वायरींची टोके गंजतात. शिवाय पुढच्या वेळी दार उघडायचे झाल्यास ते खरवडून काढावे लागते आणि त्यावर नंतर काहीही चिकटत नाही. गोल दोरीच्या रूपात मिळणारे ब्युटाइल आणावे. जुने, मळलेले ब्युटाइल त्याच ब्युटाइलच्या गोळ्याने टिपून काढता येते; गोळा दाबायचा आणि झटकन उचलायचा. उरलेला डाग स्पिरिटने पुसून पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. नवी दोरी सलग लावावी, जोड आलाच तर तो वरच्या बाजूला यावा, आणि वायरिंग पडद्यातून जेथे बाहेर येते तेथे दोरीचा एक तुकडा वायरीभोवती गुंडाळून मग पडदा दाबावा, कारण पाणी वायरीच्या कडेने वाट काढते. खालची कड खाचेत खोचायला विसरू नये.

स्पीकरच्या कडीखाली बंद छिद्रांचा फोम लावावा. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम पाणी शोषतो आणि धरून ठेवतो. दाराच्या पोकळीत फुगणारा फोम मारण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो घेऊ नये. तो काचेच्या वाटेत आणि तळाच्या छिद्रांत शिरतो आणि परत काढता येत नाही.

पॅनेल लावण्यापूर्वी पाणी टाकून पाहावे. काच वर असताना काचेच्या खालच्या कडेला बाहेरून मंद धारेने पाणी सोडावे आणि कोणाला तरी आतून पडद्यावर टॉर्च धरायला सांगावे. तळाच्या छिद्रांतून पाणी खाली गळताना दिसले पाहिजे आणि पडद्याची आतली बाजू व स्पीकरची कडा कोरडी राहिली पाहिजे. या वेळी पॅनेल, बटणांचे कपलर आणि उघड्या वायरी पाण्यापासून दूर ठेवाव्यात.

उत्तर: दहाचा_पाना

कप्प्यांविषयी. पॅनेलच्या मागच्या बाजूला कोनी कंसांत प्लॅस्टिकचा प्रकार छापलेला असतो. आधी तो वाचावा. एबीएस, म्हणजे एक कडक प्रकारचे प्लॅस्टिक, असेल तर दोन नळ्यांचे इपॉक्सी किंवा ॲक्रिलिक चिकटद्रव्य चांगले धरते. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर साधे इपॉक्सी सुकल्यावर पापुद्र्यासारखे निघून येते, कितीही घासून लावले तरी. पीपीच्या पुढे टीडी२० असे लिहिलेले दिसले तर त्यात 20 टक्के टाल्कची पूड मिसळलेली आहे; चिकटवण्याच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही. अशा पॅनेलवर दोन मार्ग उरतात: पीपीसाठीच बनवलेले चिकटद्रव्य त्याच्या प्रायमरसह वापरणे, किंवा त्याच प्लॅस्टिकच्या पट्टीने, तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने कप्पा वितळवून जोडणे. दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, परंतु पॅनेलची जाडी फार नसते, आणि आयर्न एका जागी रेंगाळले तर पुढच्या, दिसणाऱ्या बाजूला चकचकीत डाग उमटतो. थोडा थोडा वेळ टेकवून उचलावे आणि काम मोकळ्या हवेत करावे. गरम गोंदाच्या कांड्या मात्र वापरू नयेत. उन्हात उभ्या गाडीच्या दारात तो गोंद मऊ पडतो आणि क्लिप कप्प्यासकट सुटते.

पत्र्यात अडकलेली क्लिप दोन दातांच्या अवजाराने किंवा बारीक पकडीने सरळ ओढून काढावी आणि नव्या क्लिपा घेताना पत्र्यातल्या छिद्राचा व्यास आणि कप्प्यात सरकणाऱ्या डोक्याचा आकार या दोन्ही गोष्टी जुळवून घ्याव्यात. अनेक गाड्यांना चालतील अशा म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्र डब्यातल्या क्लिपा बऱ्याचदा किंचित सैल बसतात, आणि मग जी खडखड घालवायला दार उघडले तीच परत येते. मूळ क्लिपेच्या गळ्यात फोमची चकती असेल तर नवीतही ती हवी, कारण पत्र्यातले प्रत्येक छिद्र पाण्यालाही वाट देते.

वायरिंगची जुडी खिट्टीत बसवून तिच्यावर कापडी टेप गुंडाळावी. पॅनेल पत्र्याला जेथे घासते तेथेही तीच टेप लावता येते. खूण सोपी आहे: घासलेल्या जागी पॅनेलची मागची बाजू गुळगुळीत झालेली असते.

बसवताना सर्व क्लिपा आधी पॅनेलच्या कप्प्यांत सरकवून घ्याव्यात, पत्र्यात नाही. मग पॅनेल दाराजवळ धरून प्रथम हँडलची केबल जोडावी, नंतर कपलर, प्रत्येक कपलरची जीभ टक् असा आवाज करीपर्यंत. लॉकची उभी दांडी असेल तर ती पॅनेलच्या छिद्रातून वर काढावी, आणि मगच वरची कड काचेच्या फटीत अडकवून पॅनेल खाली दाबावे. वरची कड पूर्ण बसली नसताना खालच्या क्लिपा ठोकल्या तर एकही क्लिप आपल्या छिद्रासमोर येत नाही.

क्लिपा ठोकण्याआधी एक चाचणी अनिवार्य समजावी. दार उघडे ठेवूनच दाराच्या कडेवरच्या लॅचमधला अर्धगोल आकडा स्क्रू ड्रायव्हरने दोनदा टक् होईपर्यंत फिरवावा, म्हणजे दार बंद आहे अशी लॅचची समजूत होते. मग आतले हँडल ओढावे. आकडा सुटून परत उघडला तर केबल नीट जोडली गेली आहे. पुन्हा फिरवून बाहेरच्या हँडलने उघडून पाहावे. ही चाचणी न करता दार लावले आणि केबल निसटलेली असली तर दार आतून उघडत नाही. बाहेरचे हँडलही चालत नसेल, तर बंद दारातून पॅनेल काढण्याचा प्रसंग येतो, आणि त्यात पॅनेल सहसा वाचत नाही. मागच्या दारावर हीच चाचणी करताना बालसुरक्षा लॉक उघडे आहे ना ते पाहावे, अन्यथा आतले हँडल बरोबर असूनही उघडणार नाही.

चाचणी झाली की प्रत्येक क्लिप तिच्या नेमक्या जागी तळहाताने एक एक करून ठोकावी. ठोकूनही फट राहिली तर जोर वाढवू नये. क्लिप वाकडी गेली आहे, ती काढून सरळ करावी. स्क्रू शेवटी, हाताने, प्लॅस्टिकला टेकेपर्यंतच आवळावेत. पत्र्यात प्लॅस्टिकची खुंटी असते आणि तिचे आटे जास्त पिळल्याने लगेच मरतात.

संथ_चालक

कप्पे पीपीचे निघाले, म्हणून वितळवूनच जोडले. पाण्याची चाचणी पॅनेल लावण्यापूर्वी घेतली. तळाच्या दोन्ही छिद्रांतून धार लागली आणि पडदा कोरडा राहिला. लॅचची चाचणीही केली. पॅनेल लावून खडबडीत रस्त्यावर फिरलो, आवाज नाही. एकच गोष्ट उरली आहे: बॅटरी जोडल्यापासून त्या दाराची काच बटण एकदा दाबून आपोआप पूर्ण वर जात नाही, बटण धरून ठेवावे लागते. कपलर पुन्हा तपासले, ठीक आहेत.

उत्तर: कपलर_आणि_फ्यूज

बिघाड नाही. वीज तुटल्यामुळे काचेची वरची हद्द यंत्रणेला आठवत नाही, आणि मध्ये हात आला तर थांबण्याची सोय तिच्यावरच अवलंबून असल्याने ती आपोआप काच चढवत नाही. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन, मग बटण ओढून धरून पूर्ण वर आणावी आणि वर पोहोचल्यावरही बटण काही सेकंद तसेच धरून ठेवावे, म्हणजे हद्द पुन्हा नोंदली जाते. नेमका क्रम आणि सेकंद आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काचेच्या प्रकरणात दिलेले असतील. बॅटरी सोडवल्याने इतर दारांच्या काचांचीही हीच अवस्था असू शकते. त्याही एकेक करून पाहाव्यात.